पोस्टरवरची चार लेकरं

माझ्या खोलीच्या भिंतीवर एक पोस्टर आहे. वर आई-बाप, दोघंही पिवळे. खाली त्यांची चार लेकरं हात धरून उभी: एक पांढरं, दोन पिवळी, एक लाल. ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासायच्या नोकरीला लागले तेव्हा ते पोस्टर भिंतीवर होतं, आणि आता निवृत्ती तोंडावर आली तरी आहे. मधल्या काळात खालच्या कोपऱ्यातली बोधचिन्हं बदलली, कागद गुळगुळीत झाला, आईच्या अंगावरची साडी जाऊन पंजाबी ड्रेस आला. लेकरं तेवढी त्याच रंगांची राहिली. या पोस्टरने माझं जेवढं डोकं खाल्लं तेवढं कुठल्या साहेबानेसुद्धा खाल्लं नसेल.

रंगांचं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे सिकलसेल घराघरात आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे माणूस ठणक्याने लोळतो. हा दोष आई-बापाकडून येतो, अर्धा हिच्याकडून, अर्धा त्याच्याकडून. एकही आला नाही तर पांढरं कार्ड. एकच अर्धा आला तर माणसाला काही होत नाही, तो नुसता वाहक. त्याला पिवळं कार्ड. दोन्ही अर्धे आले तर आजार. त्याला लाल कार्ड. दोन पिवळ्यांनी लग्न केलं तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता लाल बाळाची. गणित एवढंच आहे. शाळेतल्या लेकरालाही समजेल, असं मला नोकरीच्या सुरुवातीला वाटलं होतं.

अहेरीकडे माझी नेमणूक होती तेव्हाची गोष्ट. एक जोडपं आलं. थोरला मुलगा लाल कार्डाचा, दर पावसाळ्यात भरती होणारा. बाई पुन्हा पोटुशी. मी जरा रागातच म्हटलं, अरे, विचार तरी करायचा होता. तर नवरा हसला आणि पोस्टरकडे बोट करून म्हणाला, "आमचं लाल तं होऊन गेलं बाई. आता दोन पिवळे अन् एक पांढरं राह्यलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. पण त्याचं तरी काय चुकलं? चित्रात चार लेकरं होती, त्याने चार लेकरं वाचली. एक लाल, ते येऊन गेलं, बाकीची तीन यायची आहेत. पुढे त्यांचं दुसरंही लालच निघालं. तेव्हा पोस्टरवरच्या लाल लेकरावर बोट ठेवून तो मला म्हणाला, "बाई, हे कुठून आलं मंग?" त्याला वाटत होतं, कुठेतरी माझीच मोजणी चुकली.

ही चूक मी नंतर इतक्यांदा ऐकली की हसूही येईना आणि रागही. म्हणून टेबलाच्या खणात चिंचोके ठेवायला लागले. उभे फोडलेले, एक बाजू काळी आणि एक पांढरी, पट खेळताना टाकतो तसे. एक आईच्या हातात द्यायचा, एक बापाच्या. टाका म्हणायचं. दोन्ही काळे पडले की लाल बाळ. आता पुन्हा टाका. लोकांना आधी गंमत वाटायची, नवरा-बायको एकमेकांना चिडवायचे. मग लागोपाठ दोनदा काळे पडले की चिडवणं बंद. चिंचोक्याला मागचा डाव ध्यानात राहत नाही, एवढंच मला सांगायचं असायचं. समजायचं त्यांना, नाही असं नाही. पण उठून दाराकडे वळले की समोर परत पोस्टर. ते काढून टाकावं म्हटलं, तर दर्शनी भागात लावणं सक्तीचं आहे.

गणित बदलत नाही याचा मला असा वैताग. आणि बाकी सगळं बदलतं याचा वेगळा वैताग. मी शिकले तेव्हा काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, औषध टाकायचं, वर दुसरी काच ठेवून कडा नेलपॉलिशने बंद करायच्या आणि वाट बघायची. पेशी वाकल्या का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघत डोळे गेले माझे. मग नळीची पद्धत आली: रक्त गढूळ झालं की पलीकडच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. मग जिल्ह्याला मशीन आलं. प्रत्येक नव्या पद्धतीत थोडे जुने पिवळे पांढरे निघाले, थोडे पांढरे पिवळे निघाले, आणि शिव्या कोणी खाल्ल्या? मी. "मागच्या वेळी तं चांगलं सांगतलं होतं," असं म्हणत एक म्हातारा खोलीत घुसला होता, काठी घेऊन.

कॉम्प्युटरचं तर विचारूच नका. आधी एक सीडी आली, तिच्यातल्या प्रोग्रॅममध्ये सगळे रुग्ण भरा. रात्रंदिवस बोटं मोडेपर्यंत भरले. दोन-तीन वर्षांत वरून निरोप, ते बंद, आता वेबसाइट. जुनी माहिती आपोआप येईल म्हणाले. आली, पण मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. कोणाचं नाव कोणतं, देवालाही ठाऊक नसेल. पुन्हा भरा. मग वेबसाइट जाऊन मोबाइलमधलं ॲप आलं. प्रत्येक वेळी गडचिरोलीला प्रशिक्षण, आणि प्रत्येक वेळी एक नवा तरुण साहेब पहिल्याच वाक्यात सांगणार, "आधीचं सगळं विसरा." मला एकदा उठून म्हणावंसं वाटलं होतं की बाबा, विसरायचंच तर आम्हाला शिकवता कशाला. पण जेवणाची सुट्टी जवळ आली होती, गप्प बसले.

या प्रत्येक नव्या यंत्रात मी माझ्या सख्ख्या बहिणीला "नवीन रुग्ण" म्हणून भरलं आहे. दुसरा पर्यायच नसतो. सरकारदरबारी ती दर काही वर्षांनी नव्याने आजारी पडते.

बहिणीचं सांगायला हवं. ती माझ्यापेक्षा बरीच लहान, लाल कार्डाची. आमचे आई-बाप दोघं पिवळे, तेव्हा कोणाला ठाऊक होतं? मी पिवळी निघाले, ती लाल. ती शाळेत जायला लागली तेव्हाच बाबा तिला जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. डॉक्टर चांगले होते. त्यांनी प्रेमाने समजावलं की हिला जपा, हिला दमवू नका, अशी लेकरं विशीच्या पुढे सहसा जात नाहीत. तेव्हाच्या पुस्तकात तेच लिहिलेलं असणार. बाबांनी परत येताना तिला आमच्या वडशाच्या स्टेशनवर पेढे घेऊन दिले आणि घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आमच्या घराने त्या दिवसापासून ते वाक्य पाळलं.

सातवीनंतर तिची शाळा सुटली, कशाला जिवाला त्रास. मासळी आणली की मधला तुकडा तिचा. आईने तिला भाकरी थापायला शिकवलं नाही, मला मात्र धानाच्या रोवणीलाही पाठवलं. तिच्या लग्नाचं कोणी नाव काढलं नाही. तिने एकदा शिवणकामाचा क्लास लावते म्हटलं तर आईने डोळ्याला पदर लावला, आणि विषय तिथेच संपला. वीस वर्षांसाठी जेवढं लागतं तेवढंच तिला दिलं, अगदी मायेने दिलं.

मग ती वीस वर्षांची झाली. काही झालं नाही. एकविसावं लागलं. घरात सगळे नुसते तिच्याकडे बघायचे. पुढे या आजारावर रोज घ्यायची गोळी आली, ठणके कमी झाले, भरती होणं कमी झालं. आई-बाबा गेले. माझे मिस्टर गेले. ती आहे. आता चाळिशी ओलांडून तिचे केस माझ्यापेक्षा जास्त पांढरे झालेत. मागे एक नवीन तरुण डॉक्टर रुजू झाला, त्याला मी ते विशीचं वाक्य सांगितलं तर तो म्हणाला, "काहीही काय मॅडम, तसं काही नसतं." झालं. पुस्तकाची नवी आवृत्ती आली. माझ्या बहिणीला मात्र सातवीनंतरची पानं कोणी परत आणून देणार नव्हतं. त्या दिवशी मला त्या पोराचा इतका राग आला, आणि त्याने तर नुसतं खरं सांगितलं होतं.

हे सगळं घरात बघत असल्यामुळे असेल, गावोगावच्या सभांमध्ये मी कडक बोलत गेले. "पत्रिका नका जुळवू, कार्ड जुळवा." आमच्या बौद्ध घरांमध्ये तशीही पत्रिका नसते, आम्हाला त्याचा अभिमान. मग हे कार्ड आलं आणि आमच्याकडेही सोयरिकीला आलेली माणसं चहा पिता पिता रंग विचारू लागली. जुळलेली लग्नं माझ्या शब्दावर मोडली आहेत. वडशाजवळच्या एका गावातल्या मुलीचं तर हळदीला चार दिवस असताना. ती आता बाजारात भाजी घेऊन बसते, मी दिसले की तोंड फिरवते. मी तिच्याकडूनच वांगी घेते तरी.

आणि मागच्या हिवाळ्यात माझ्या पोरीचा फोन आला. पोरगी माझी एकुलती एक, पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत. तिचे बाबा पांढरे होते म्हणून ती नुसती पिवळी, मीच तिचं रक्त तपासलं होतं. ती म्हणाली, "आई, एक मुलगा आहे. ब्रह्मपुरीकडचा. आपल्यातलाच आहे. चांगला आहे." मी खूश होऊन पुढचं विचारणार तेवढ्यात तीच म्हणाली, "पिवळाच आहे गं तो पण."

मी फोन ठेवून दिला. पुन्हा केला, पुन्हा ठेवला. बहीण पलंगावर बसून बघत होती.

"का वं बाई, कोण मेलं?"

"कोणी नाई मेलं. तुही भाची लग्न करून राह्यली."

"मंग तोंड काऊन असं केलं?"

मी सांगितलं. ती नुसतं "अरे देवा" म्हणाली. आम्ही देव मानत नाही, पण ते शब्द तिच्या तोंडून सुटतात.

पोरगी एका रविवारी त्या मुलाला घेऊनच आली. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम होता, रस्त्यावरून भोंगे लावलेल्या गाड्या रात्रीच्या नाटकाची जाहिरात करत जात होत्या, आणि गाडी गेली की मगच आम्हाला एकमेकांचं ऐकू येत होतं. मुलगा साधा, हात मांडीवर ठेवून बसलेला. बहीण कोपऱ्यातल्या पलंगावर वालाच्या शेंगा सोलत होती. चहा झाला. कामाच्या गप्पा निघाल्या. पोरगी सांगत होती की तिच्या कंपनीत जुनं व्हर्जन किती दिवस चालवायचं यावरून भांडणं आहेत, आता त्याचा सपोर्टच बंद करणार.

"मीही जुन्याच व्हर्जनची हो," बहीण म्हणाली. "माहा सपोर्ट तं विसाव्या वर्षीच बंद झाला होता. चालूनच राह्यली पण."

आम्ही सगळे हसलो. तो मुलगाही हसला, पहिल्यांदाच. मला वाटलं, चला, आता बोलायला हरकत नाही.

मी माझं म्हणणं मांडलं. नवीन काय मांडणार? जन्मभर जे लोकांना सांगितलं तेच. चारात एक, प्रत्येक खेपेला चारात एक. लोकाच्या लेकींची लग्नं मी यावर मोडली, आता माझ्या दारात मांडव कोणत्या तोंडाने घालू?

"आई, तुझं शास्त्र जुनं झालं," पोरगी म्हणाली. आवाज चढवून नाही, समजावल्यासारखं.

"शास्त्र होईन जुनं. गणित कुठी जुनं होते?"

"गणित तेच आहे. पण आता आधी बघता येतं. तिसऱ्या महिन्यातच तपासणी होते, नागपूरला नमुना घेतात. लाल निघालं तर तिथेच थांबवायचं. माझ्या कामात काय करतो आम्ही? चूक दिसली की मागे जातो, जिथे सगळं ठीक होतं तिथून परत सुरू. तुझे ते चिंचोके असतात ना, तसे पडल्यावर बघायचे, नको असले तर उचलून पुन्हा टाकायचे."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या तपासणीचं मी स्वतः कितीतरी बायकांना सांगितलं होतं, पत्ता लिहून दिला होता. पण माझ्या घरात, त्या खोलीत, तेच शब्द ऐकताना माझं लक्ष पलंगाकडे गेलं. शेंगा सोलायचा आवाज थांबला होता.

"नको असले तं म्हणजे?" बहिणीने विचारलं.

पोरीला तेव्हा कळलं ती काय बोलून गेली. "मावशी, तसं नाही गं. तुझ्याबद्दल नाही बोलले मी."

"माह्याबद्दलच आहे ना. लाल म्हणजे मीच." ती रागावलेली नव्हती. सुपातले दाणे हाताने सारखे करत होती. "तुहं बरोबर आहे. माह्यासारखं दुखणं कोणाच्या वाट्याले नोको. पण मले मधात बसवून नोको बोलू. मी हो म्हणन, तं मीच नोको होती असं होते. अन् नाई म्हणन, तं तुह्या लेकराले माहे ठणके देल्यासारखं होते. मी काय म्हणू, सांग?"

ती सूप घेऊन आत गेली. तो मुलगा हळूच म्हणाला, "मावशींना बोलावू का?" मी मान हलवून नको म्हटलं. बाहेर परत भोंग्याची गाडी आली आणि मला त्या गाडीचे उपकार वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपाशी माझ्याजवळ येऊन बसली. "करू दे तिले लग्न," म्हणाली. "कार्ड पाहून कोणी जीव लावत असते का?"

"अन् लोकं?"

"लोकं बोलतीन. तू बोलली होती ना त्याहिले, आता ते बोलतीन तुले."

मी हो म्हटलं. पटलं म्हणून म्हटलं का, ते मला आजही सांगता येणार नाही. थकले होते. एवढी वर्षं सगळ्यांना नाही म्हणून म्हणून माझ्यातलं नाही संपलं होतं, असंच म्हणा. उन्हाळ्यात विहारात लग्न झालं, पांढऱ्या कपड्यांत, थोडक्यात. भाजीवालीच्या गावची चार माणसं आली होती. त्यांनी जेवताना एकमेकांकडे बघितलं ते मी बघितलं, आणि वाढायला पुढे गेले.

दिवाळीच्या आधी पोरीला दिवस राहिले. तिसरा महिना लागताच फोन माझ्या मोबाइलवर आला, पण ती म्हणाली, मावशीला दे. पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. बहीण नुसतं "हो... हो... येतो ना... रडतं कायले?" एवढंच म्हणत राहिली. फोन ठेवून मला म्हणाली, "तपासाले जाऊन राह्यली नागपूरले. मले सोबत ये म्हणते."

"जाशीन?"

"मंग कोण जाईन? दुखते कसं, ते तुमच्यापैकी कोणाले ठाऊक आहे?"

मी रजा टाकली. आम्ही दोघी एसटीने गेलो, लाल कार्डावर तिला तिकीट पडत नाही, त्यावरून ती कंडक्टरशी थट्टा करत होती. नमुना घेतला. तपासायला तो बाहेरगावी जातो, त्यामुळे उत्तर यायला वेळ लागतो. तेवढे दिवस आम्ही जावयाच्या बहिणीकडे नागपूरलाच थांबलो. पोरगी दिवसभर लॅपटॉप उघडून बसायची आणि काही करायची नाही. मी तिला एकदाही गणित सांगितलं नाही. तिला ते पाठ होतं: चारात तीन वेळा सगळं ठीक. आणि मला हेही पाठ होतं की चारातली एक वेळ पहिल्याच खेपेलाही येते.

ती पहिल्याच खेपेला आली. लाल.

त्यांनी दोघांनी आधी ठरवलं होतं तेच केलं. मी त्यांना काही म्हटलं नाही, म्हणायचा अधिकारही नव्हता. रुग्णालयात पोरीजवळ एकाच बाईला थांबू देत होते. ती म्हणाली, मावशी थांबेल. मी बाहेर बाकावर बसले. दारातून अधूनमधून दिसायचं. बहीण तिच्या पोटऱ्या दाबत होती, घोट घोट पाणी पाजत होती, कूस बदलायला लावत होती. आपल्या ठणक्यांत ती जे जे शिकली होती ते सगळं तिथे कामाला येत होतं. पोरगी एकदा मोठ्याने रडली आणि म्हणाली, "मावशी, यात मागे नाही गं जाता येत." बहीण म्हणाली, "नाई येत बाबू. झोप आता." आमच्याकडे लाडाच्या पोरीलाही बाबूच म्हणतात.

निघायच्या दिवशी बहिणीने नर्सला विचारलं, पोरगा होता का पोरगी. नर्स म्हणाली, ते सांगत नाहीत, कायदा आहे. "असो," ती म्हणाली आणि पिशवी उचलली.

परतीच्या एसटीत बहीण खिडकीला डोकं टेकून झोपली होती, की डोळे मिटून होती, मला कळलं नाही. वडशाला उतरलो तेव्हा दुपार कलली होती. घर उघडलं, झाडून घेतलं, भात टाकला. ती पायरीवर बसली होती. मी शेजारी जाऊन बसले तर तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "बाई, आपल्या मायले तवा ही तपासणी भेटली असती, तं तिनं काय केलं असतं?"

माझ्या टेबलापलीकडे बसून लोकांनी मला काय काय विचारलं आहे. मूल जगेल का, लग्न मोडू का, पोट पाडू का. मी कोणाशी खोटं बोलले नाही, नोकरीचा तेवढा एकच अभिमान आहे मला. हिच्याशी खोटं बोलावं असं फार वाटलं. पण तिला आईही ठाऊक होती आणि मीही.

"तेच," मी म्हटलं. "अन् मीच नेलं असतं तिले."

तिने मान हलवली. रस्त्यावरून धानाचा ट्रॅक्टर गेला, तो वळणापलीकडे जाईपर्यंत ती बघत राहिली.

"मंग बरं झालं बाई," ती म्हणाली. "शास्त्र यायच्या आधी मी येऊन बसली."

मला आवरलं नाही. आई गेली तेव्हा रडले नव्हते एवढी रडले, पायरीवर बसून, येणारे-जाणारे बघत असताना. तिने आपल्या पदराने माझं तोंड पुसलं.

"काऊन रडतं?" ती म्हणाली. "आहो ना मी इथी."